पूर्वतयारीचा कैवार

डोंगरातून उसळत उतरणाऱ्या पाण्यावर कयाक घालण्याचा खेळ आपल्या देशात गेल्या काही वर्षांत चांगलाच रुजला असून, कोणताही खेळ रुजला म्हणजे त्याच्याभोवती जशी मते जमू लागतात तशी ती याच्याहीभोवती जमू लागली आहेत. त्यांपैकी एक मत वारंवार ऐकू येते, आणि तेही अशा माणसांच्या तोंडून, की ज्यांच्या धैर्याविषयी अथवा प्रामाणिकपणाविषयी शंका घेता येत नाही. ते मत असे : नकाशे, पावसाचे आकडे, सोबत्यांची यादी, माघारीच्या वाटा आणि वेळेचे कोष्टक हा सारा सरंजाम आधी मांडून जो ओढ्यावर जातो, त्याच्या वाट्याला ओढा येतच नाही, साहस म्हणजे अज्ञाताला सामोरे जाणे, आणि अज्ञाताचा आगाऊ पंचनामा करून ठेवल्यावर जे उरते ती निव्वळ कवायत, पाणी समोर आल्यावर डोळा आणि मनगट जो निर्णय करतील तोच खरा. हा पूर्वपक्ष आम्हांस चुकीचा वाटतो, इतकेच नव्हे तर जीवघेणा वाटतो, आणि म्हणून त्याचे सविस्तर निरसन करणे आम्ही आपले कर्तव्य समजतो.

ज्या पाण्याविषयी बोलावयाचे ते पाणी कोणते, हे प्रथम निश्चित केले पाहिजे. कारण या वादातील निम्मा गोंधळ मोठी नदी आणि डोंगरी ओढा यांना एकाच मापाने मोजल्यामुळे झाला आहे. ऋषिकेशच्या वरच्या अंगाला गंगेत लाटा प्रचंड उठतात, परंतु पात्र रुंद असते, उलटलेल्या माणसाला रॅपिड संपल्यावर बहुधा डोह मिळतो, आणि एखाद्या टेकडीवर पडलेल्या सरीने त्या नदीचे रूप पालटत नाही. याउलट केरळातील कोळिकोड जिल्ह्यात, सह्याद्रीच्या पश्चिम उतारावरून उतरणाऱ्या चालिपुळा आणि इरुवंजिपुळा या दोन लहान नद्या घ्या. तुषारगिरीचे धबधबे, कोडंचेरी आणि पुलिक्कयम ही गावे याच खोऱ्यात येतात, आणि २०१३ सालापासून भर पावसाळ्यात येथे मलबार रिव्हर फेस्टिव्हल या नावाने कयाकच्या स्पर्धा भरत आल्या आहेत, ज्यांसाठी युरोपातूनही वल्हवणारे येतात. एरवी खडकांमधून झिरपत जाणारे हे पाणी जून ते सप्टेंबर या महिन्यांत शिळांवरून कोसळत राहते. पात्र अरुंद, वळणे आंधळी, दोन्ही काठांवर बांबूची बेटे आणि पोफळीच्या बागा, आणि एका पायरीचा धक्का ओसरतो न ओसरतो तोच पुढची पायरी हजर. दर किलोमीटरला सुमारे २० मीटरहून अधिक उतार असला म्हणजे कयाकवाले त्या पाण्याला निराळ्याच वर्गात धरतात, ते उगाच नव्हे. अशा पाण्यावर चुकीला दुरुस्तीचा अवकाश फारच थोडा मिळतो.

या ओढ्यांचा दुसरा गुण असा की त्यांची स्मरणशक्ती अल्प आणि कोप तत्काळ असतो. हिशेब करून पाहू. एखाद्या ओढ्याचा पाणलोट अवघा २० चौरस किलोमीटर आहे असे समजा, आणि त्यावर एका तासात ५० मिलिमीटर पाऊस पडला; तर १० लाख घनमीटर पाणी आभाळातून उतरले. भिजून तृप्त झालेल्या जमिनीने त्यातले निम्मे जरी धरून ठेवले, आणि उरलेले निम्मे दोन तासांत ओढ्यातून वाहून गेले, तरी सरासरीने सेकंदाला सुमारे ७० घनमीटर, म्हणजे वर्तमानपत्रांच्या परिभाषेत सुमारे २,४५० क्युसेक पाणी त्या अरुंद घळीतून जाणार. सकाळी ज्या ठिकाणी गुडघाभर पाण्यात उभे राहून होडी पाण्यात लोटली, तेथेच दुपारी उभ्या माणसाचा ठाव लागणार नाही. एक घनमीटर पाण्याचे वजन एक टन असते, आणि वेग दुप्पट झाला की पाण्याचा रेटा चौपट होतो. आता ज्या माणसाने वरच्या खोऱ्यात पाऊस पडतो आहे की नाही याची चौकशीच केली नाही, कारण चौकशी केल्याने साहस उणावते, त्याचा डोळा आणि मनगट कितीही तरबेज असले तरी ते या सत्तर टनांपुढे काय निर्णय करणार? तो निर्णय दोन तासांपूर्वी, दोन कोसांवर, त्याच्या दृष्टीआड झालेला असतो.

पावसाच्या आकड्यांविषयी येथेच एक गोष्ट नमूद केली पाहिजे. आपल्या महसूल खात्याच्या दफ्तरी एखाद्या मंडळात २४ तासांत ६५ मिलिमीटर पाऊस झाला की अतिवृष्टीची नोंद होते. पिकांच्या नुकसानीचे पंचनामे करण्यासाठी ते माप योग्यच आहे. परंतु ओढ्याला दिवसाचा हिशेब कळत नाही, त्याला तासाचा कळतो. तेच ६५ मिलिमीटर दिवसभर संथपणे पडले तर वल्हवणाऱ्याला उत्तम पाणी मिळेल. दुपारच्या एका तासात पडले तर त्याचे प्रेत मिळण्याचीही शाश्वती नाही. आणि मागील दोन-तीन दिवसांचा पाऊस तर त्याहून महत्त्वाचा, कारण डोंगर किती भिजला आहे हे तोच सांगतो. २०२४ च्या जुलैत चालिपुळेच्या काठावरील स्पर्धांना फार दिवस लोटले नव्हते, तोच ३० जुलैच्या पहाटे त्याच डोंगररांगेत, वायनाड जिल्ह्याच्या अंगाला, मुंडक्कई आणि चूरलमला येथे दरड कोसळून शेकडो माणसे गेली. आधीच्या ४८ तासांत तेथे ५७२ मिलिमीटर पाऊस झाल्याचे त्या राज्याच्या मुख्यमंत्र्यांनी सांगितले होते. ज्या चालियार नदीला इरुवंजिपुळा मिळते, त्याच नदीतून मृतदेह वाहत निलंबूरपर्यंत गेले. त्या लोकांनी कोणतेही साहस आरंभले नव्हते. ते आपापल्या घरांत झोपले होते. तेव्हा अशा डोंगरात जो आपण होऊन उतरतो, त्याने पावसाचा आकडा वाचणे हा रसभंग आहे असे म्हणणे, आमच्या मते, त्या मृतांविषयीही अनुदारपणाचे आहे.

आता मुख्य मुद्दा. पूर्वतयारीने अज्ञात नाहीसे होते, हा प्रतिपक्षाचा आधारस्तंभ. आणि तो वस्तुस्थितीला धरून नाही. ज्याने कधी कसून तयारी केली आहे त्याला ठाऊक असते की तयारीने अज्ञाताची केवळ टरफले निघतात. भारतीय सर्वेक्षण विभागाच्या ५०,०००ला १ या प्रमाणाच्या नकाशावर समोच्च रेषा २० मीटरच्या अंतराने काढलेल्या असतात. त्यांवरून ओढ्याचा सरासरी उतार काढता येतो, घळ कोठे आवळते आणि वाट कोठे काठाशी येते हे कळते. पण दोन रेषांच्या मध्ये १५ मीटरचा धबधबा सुखाने लपून राहू शकतो, आणि तो धबधबा सरळ डोहात पडतो की शिळेवर, हे कोणताही नकाशा सांगत नाही. म्हणून शहाणा वल्हवणारा नकाशा पाहून थांबत नाही. तो पाणी कमी असताना त्या घळीतून पायी चालून येतो. उन्हाळ्यात ओढा आपले सारे गुपित उघडे टाकून पडलेला असतो : कोणत्या शिळेच्या बुडाशी पाण्याने पोखरून कपार केली आहे, कोणत्या दोन दगडांच्या फटीतून पाणी जाते पण माणूस जाणार नाही, कोठे झाड आडवे पडले आहे. पावसाळ्यात ह्या सर्व गोष्टी पांढऱ्या फेसाखाली जातात, आणि तेव्हा मनगटाने निर्णय करू म्हणणाऱ्याला त्या दिसत नाहीत. ज्याने त्या उन्हाळ्यात पाहून ठेवल्या त्यालाच दिसतात. आडव्या पडलेल्या झाडाची गोष्ट विशेष ध्यानात ठेवण्यासारखी आहे, कारण फांद्यांच्या जाळीतून पाणी निघून जाते आणि माणूस तेथेच दाबला जातो. आणि झाडे दर वादळाला नवी पडत असल्यामुळे गेल्या वर्षीची पाहणी या वर्षी पुरत नाही.

मानवनिर्मित अडथळ्यांविषयी तर आपल्याकडे कमालीची बेफिकिरी आहे. धबधब्याला सगळे भितात, आणि बंधाऱ्याला कोणी भीत नाही, कारण तो ठेंगणा दिसतो. वस्तुतः काठापासून काठापर्यंत एकसारख्या पडणाऱ्या बंधाऱ्याच्या पायथ्याशी पाणी मागे वळून फिरत राहते, आणि त्या फेऱ्यात सापडलेला माणूस किंवा होडी पुनःपुन्हा भिंतीकडे ओढली जाते. नैसर्गिक धबधब्यात कोठे ना कोठे फट असते, येथे ती नसते. कोल्हापुरी पद्धतीच्या बंधाऱ्याचे बरगे पावसाळ्यात काढून ठेवलेले असले तरी खांबांमधील गाळे तसेच राहतात, आणि आडवी झालेली कयाक दोन खांबांना अडकली की तिच्यावर साऱ्या ओढ्याचा भार येतो. फरशी पुलाखालचे नळ त्याहून भयंकर. या तिन्ही गोष्टी कोठे आहेत हे आधी विचारून, कागदावर मांडून, त्यांच्या बरेच वर काठाला लागण्याची जागा ठरवून ठेवणे, याला जर कोणी कवायत म्हणत असेल तर ती कवायत आम्हांला मान्य आहे.

एवढे सारे करून पाण्यात उतरल्यावर काय उरते? सर्वच महत्त्वाचे उरते. शिळेआडच्या संथ पाण्यात, ज्याला कयाकवाले एडी म्हणतात, होडी लावून पुढच्या रॅपिडच्या काठापर्यंत चालत जावे, आजचे पाणी आजच्या डोळ्यांनी पाहावे, आणि आपल्या अंगातील आजचे बळ ओळखून जावे की होडी खांद्यावर टाकून काठाने उतरावे हे ठरवावे. हा क्षण कोणत्याही तयारीने कोणाकडून हिरावला जात नाही. उलट ज्याला झाडाची, बंधाऱ्याची, वरच्या पावसाची आणि मावळत्या उजेडाची चिंता एकाच वेळी छळते आहे, त्याला तो क्षण मिळतच नाही. धैर्य म्हणजे आपण काय पणाला लावीत आहोत हे जाणून पुढे जाणे. जे जाणून घेता येत होते ते न जाणता पुढे जाणे यात पणच नाही. केवळ अजाणतेपणा आहे, आणि अजाणतेपणाचा गौरव करण्याइतका आपला समाज अजून दरिद्री झालेला नाही.

प्रतिपक्षाचे लोक इतिहासाचा दाखला देतात, आणि त्यात अमेरिकेतील मेजर जॉन वेस्ली पॉवेलचे नाव हटकून येते. यादवी युद्धात एक हात गमावलेला हा गृहस्थ २४ मे १८६९ रोजी वायोमिंगमधील ग्रीन रिव्हर येथून चार होड्या आणि नऊ माणसे घेऊन निघाला, आणि ज्या घळीचा नकाशाच नव्हता तिच्यातून कोलोराडो नदीने ऑगस्टच्या अखेरीस बाहेर पडला. नकाशा नव्हता, म्हणून तयारी नव्हती, असा यांचा तर्क. पण त्या प्रवासाचा वृत्तान्त वाचणाऱ्याला निराळेच दिसते. दहा महिने पुरेल असा शिधा होता, उंची मोजण्यासाठी वायुभारमापके होती. रॅपिडचा आवाज आला की पुढे जाऊन काठावरून पाहणी करायची, आणि पाणी मानवणारे नसेल तर होड्या दोराने खाली सोडायच्या किंवा सामान उतरवून खांद्यावर न्यायचे, हा त्यांचा नित्याचा शिरस्ता होता. लोडोरच्या घळीत ‘नो नेम’ नावाची त्यांची होडी फुटली ती त्या शिरस्त्यामुळे नव्हे, तर काठाला लागण्याची खूण मागच्या होडीला वेळेवर न पोहोचल्यामुळे. आणि दुसऱ्या दिवशी फुटलेल्या होडीतून जिवावर उदार होऊन परत मिळवलेल्या वस्तूंत पॉवेलने कशाचा आनंद मानला? वायुभारमापकांचा. सर एडमंड हिलरी १९७७ साली जेट बोटी घेऊन सागरापासून गंगेच्या प्रवाहाविरुद्ध वर निघाले, आणि नंदप्रयागापाशी धबधब्याने वाट अडवल्यावर थांबले व पायी पुढे गेले. एव्हरेस्टवर पाऊल ठेवलेल्या माणसाला तेथे थांबण्यात कमीपणा वाटला नाही.

दुसरा दाखला गावकऱ्यांचा दिला जातो. काठावरचा मनुष्य, म्हणे, कोणता नकाशा पाहतो? तो लंगोटी लावून ओढा ओलांडतो. या युक्तिवादात त्या मनुष्याविषयीचे घोर अज्ञान आहे. रायगड किंवा सातारा जिल्ह्यातील ओढ्याकाठच्या कोणत्याही जाणत्या म्हाताऱ्याशी बसून बोला, म्हणजे कळेल की पाणी एकदम गढूळ झाले, त्यावरून पालापाचोळा व काटक्या येऊ लागल्या, की गुरे कोणत्या क्षणी मागे फिरवायची, कोणता दगड बुडाला म्हणजे पलीकडे जायचे नाही, कोणत्या नक्षत्रात ओढा दगा देतो, या सर्वांची योजना त्याच्या मनात पिढ्यान्‌पिढ्या तयार आहे. ती कागदावर नाही एवढेच. म्हणून पाहुण्या वल्हवणाऱ्याने पहिली चौकशी त्याच्याकडे करावी. जो बुडणारा दगड तो दाखवील त्या दगडावर, किंवा जवळच्या पुलाच्या खांबावर, रंगाच्या पट्ट्या मारून ठेवाव्यात, कारण आपल्या बहुतेक लहान ओढ्यांवर सरकारी पातळीमापक नसतो. आणि कोणत्या पट्टीच्या वर पाणी गेले तर होडी गाडीवरून उतरवायचीच नाही, हे घरी, कोरड्या अंगाने, सर्वांच्या संमतीने ठरवावे. पाण्याच्या काठी, दोनशे कोस प्रवास करून आल्यावर, हा निर्णय प्रामाणिकपणे होत नाही.

कोणी म्हणेल, ही दगदग कशाला. कोलाडला कुंडलिकेवर धरणाचे पाणी ठरल्या वेळी सुटते, वाटाड्या सोबत असतो, तेथे आपण फक्त बसायचे. कुंडलिकेवर बारमाही रॅफ्टिंग होते याचे कारण खरोखरच मानवनिर्मित आहे : मुळा नदीचे पूर्वेला जाणारे पाणी मुळशीच्या धरणात अडवून घाटाखाली भिऱ्याच्या वीजगृहाकडे वळविलेले आहे, आणि १९२७ पासून चालू असलेल्या त्या वीजगृहातून सुटलेले पाणी कुंडलिकेला येते. (त्या धरणाखाली मावळातील गावांच्या जमिनी गेल्या व सेनापती बापटांच्या नेतृत्वाखाली १९२१ साली सत्याग्रह झाला, हे त्या पाण्यावर मौज करणाऱ्याने ठाऊक करून घ्यावे.) परंतु याचा अर्थ एवढाच की त्या पाण्याची सूत्रे विजेच्या मागणीच्या हाती आहेत, तेथे आभाळाऐवजी वेळापत्रकाची चौकशी करावी लागते, आणि पावसाळ्यात दोहोंची. वाटाड्याची चौकशी तर सर्वत्रच करावी : त्याच्याकडे फेकण्याचा दोर आहे काय, बचावाची होडी पुढे आहे काय, पाण्यात पडलेल्याने उताणे होऊन पाय प्रवाहाच्या दिशेला ठेवावेत व वेगाच्या पाण्यात उभे राहण्याचा यत्न करू नये, कारण पाय दगडांत अडकला तर पाणी वरून दाबते, हे तो निघण्यापूर्वी समजावून सांगतो काय. अमेरिकन व्हाइटवॉटर या संस्थेने १९५९ साली सुरक्षिततेची जी संहिता स्वीकारली, तिच्यात निदान तीन माणसे किंवा दोन होड्या असल्यावाचून निघू नये असा दंडक आहे. एक अडकला तर एकाने त्याच्यापाशी थांबावे आणि एकाने मदत आणावी, हा त्याचा उघड हेतू. मदत कोठून आणायची, सर्वांत जवळचे रुग्णालय कोणते, घळीतून रस्त्यावर चढण्याची वाट कोणत्या वळणाला आहे आणि मोबाइलला तेथे संदेशवहन मिळते काय, ही उत्तरे दुसऱ्याच्या भरवशावर टाकता येत नाहीत.

शेवटी दुसऱ्या टोकाच्या प्रतिपक्षाकडे वळू, जो सरकारी कचेरीत बसतो. दर पावसाळ्यात, कोठेतरी माणसे वाहून गेली की, जिल्हाधिकाऱ्यांचा मनाई हुकूम निघतो. पूर्वी तो फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम १४४ खाली निघत असे, १ जुलै २०२४ पासून भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १६३ खाली निघतो. जेथे हजारोंचा जमाव धबधब्याखाली लोटतो तेथे, आणि लाल इशाऱ्याच्या दिवशी सर्वत्रच, असा हुकूम आवश्यक आहे. त्याला आमचा विरोध नाही. पण सबंध तालुक्यातील सर्व जलाशय, सर्व ओढे, सर्व पावसाळाभर एकाच फर्मानाने बंद करणे यात दोर, शिरस्त्राण आणि लेखी योजना घेऊन आलेल्या चौघांच्या प्रशिक्षित तुकडीत आणि बंधाऱ्यावर छायाचित्रे काढणाऱ्या घोळक्यात कोणताच भेद उरत नाही. मनाई पाळणारे घरी बसतात. न पाळणारे चोरून, एकटे, सायंकाळी उशिरा, कोणाला न सांगता जातात, म्हणजे नेमके त्या रीतीने जातात जी सर्वांत घातक आहे. बेफिकीर साहसवादी आणि मनाईचा हुकूम काढणारा अंमलदार यांचे भांडण दिसते तितके खोल नाही. दोघांनीही ओढा अज्ञेय आहे असे गृहीत धरले आहे. एक म्हणतो, म्हणून डोळे मिटून जा, आणि दुसरा म्हणतो, म्हणून जाऊच नका. ओढा अज्ञेय नाही, एवढेच आमचे म्हणणे आहे, आणि ते आम्ही वरील हिशेबांनी सिद्ध केले आहे असे आम्ही मानतो.

तेव्हा कचेरीने हुकूम छापण्यापलीकडे काही करावे. ओढ्यांवरील पुलांच्या खांबांवर मीटरच्या पट्ट्या रंगवाव्यात. धरणाचे पाणी सोडण्याच्या वेळा तलाठी सजाच्या फलकावर स्वच्छ मराठीत लावाव्यात. पोलीस पाटलाकडे एक वही ठेवून पाण्यात उतरणाऱ्या प्रत्येक तुकडीची नावे, उतरण्याची व निघण्याची जागा आणि परतीची वेळ तिच्यात नोंदवून घ्यावी. हा खर्च एका शोधमोहिमेच्या खर्चाहून कमी आहे. आणि वल्हवणाऱ्या तरुणांना आमची विनंती अशी की, ही वही ठेवली जाईपर्यंत वाट न पाहता, तोच कागद आजच लिहून घरी आणि गावात एकेक प्रत द्यावी. ज्या ओढ्याविषयी तो कागद पुरा भरता येत नाही, त्या ओढ्यावर या पावसाळ्यात जाऊ नये.